घंटा गेल्या, विहिरी राहिल्या

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. भीमाशंकराच्या देवळापुढे टांगलेली घंटाही यात्रेकरूंच्या चांगल्या परिचयाची आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. त्या वेळी चर्चच्या मनोऱ्यांवरून उतरवलेल्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर नेण्यात आल्या आणि या दोन घंटा त्यांपैकीच होत, असे परंपरेने मानले जाते. वसईचा इतिहास बहुतेकांना या घंटांच्या नादापुरताच ठाऊक असतो. १५३४ चा गुजरातच्या बहादूरशहाचा तह, १७३९ चा वेढा आणि १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा तह असे तीन आकडे पाठ झाले, की शाळेतल्या पुस्तकातील वसई संपते.

प्रस्तुत लेखात आम्हाला वसईचा दुसरा इतिहास सांगावयाचा आहे. तो किल्ल्याच्या तटाबाहेरचा, वाडीतल्या विहिरींचा आणि बावखलांचा इतिहास आहे. आमचा जन्म त्याच पट्ट्यातला. गेली काही वर्षे मात्र आमची सेवा सोलापुरात आहे. वसईहून पुणे धर्मप्रांतात आलेले धर्मगुरू थोडेथोडके नाहीत. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे हेसुद्धा २००९ साली पुण्याचे बिशप झाले, आणि सोलापूर त्याच धर्मप्रांतात मोडते. सोलापुरात वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, वसईत त्याच्या सुमारे चौपट. इथला माणूस पाण्याविषयी बोलू लागला की आवाज आपोआप खाली आणतो. आमच्या जन्मगावाकडे पाहण्याची दृष्टी आम्हाला या कोरड्या जिल्ह्याने दिली, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होईल.

वसईची भूमी कशी आहे? दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेस अरबी समुद्र. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. खाडीच्या बाजूस मिठागरे, मधल्या सखल भागात भातशेती आणि समुद्राकडे सरकावे तसा वाड्यांचा हिरवा पट्टा: पापडी, सांडोर, गिरीज, गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी. या वाड्यांतून नारळ आणि केळी, पानवेली आणि भाजीचे वाफे, मोगरा आणि सोनचाफा एकाच पाटाच्या पाण्यावर वाढत. केळीच्या जातींची नावे मुलांना पाढ्यांसारखी पाठ असत: राजेळी, मुठेळी, वेलची, तांबडी, बनकेळ, भुरकेळ. पिकलेल्या राजेळीची साल काढून ती उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळलेल्या पानात बांधायची, ही आगाशीची सुकेळी. कार्तिकात भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेतून ती घरी आणल्याखेरीज हिंदूंची वा ख्रिस्ती लोकांची जत्रा पुरी होत नसे.

या बागेचे जुने वर्णन आपल्याला एका परक्या प्रवाशाने दिले आहे. जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी १६९५ साली वसईस आला होता. तटाबाहेर सुमारे पंधरा मैलांपर्यंत पसरलेल्या बागा पाहून तो चकित झाला. नारळ, आंबे, केळी (त्या काळचे युरोपीय केळ्याला भारतीय अंजीर म्हणत) आणि विपुल ऊस त्याने पाहिला. त्याने नोंदवलेल्या दोन गोष्टी आमच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. पहिली ही, की या बागा हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे शेतकरी कसत होते. दुसरी ही, की त्या बाराही महिने हिरव्या राहत, कारण यंत्रांच्या साहाय्याने त्यांना पाणी दिले जाई. ही यंत्रे म्हणजे आपले रहाट, यात आम्हाला शंका वाटत नाही.

जमिनीची मालकी मात्र त्या शेतकऱ्यांकडे नव्हती. पोर्तुगीज सत्तेने वसई प्रांतातील गावे आपल्या सरदारांना व सेवकांना इनामासारखी वाटून दिली होती. काही गावे धर्मसंघांकडे, म्हणजे आमच्याच पूर्वसूरींकडे होती, हे सत्य आम्ही झाकू इच्छित नाही. तटाच्या आतील वाड्यांत राहणाऱ्या धन्यांनी त्या हिरवाईची हवा खाल्ली आणि कुळांनी रहाट हाकला. येशूसंघीयांचे विद्यालय, फ्रान्सिस्कनांचे मठ, जपानात १५९७ साली हौतात्म्य पत्करलेले वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, हा सारा वारसा आमच्या अभिमानाचा आहेच. परंतु त्या वारशाला ज्या अन्नाने पोसले, ते अन्न कोणाच्या घामाचे होते, हा प्रश्न आमच्या स्मरणिकांतून क्वचितच विचारला जातो.

आता रहाटाकडे वळू. विहिरीच्या तोंडावर उभे चाक, त्यावरून खाली सोडलेली दोरखंडाची माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी. बैल किंवा रेडा गोल फिरे, चाक फिरे, गाडगी भरून वर येत आणि पन्हळीत रिकामी होत. तेथून पाणी पाटात, पाटातून आळ्यात. आमच्या लहानपणी रहाट अखेरच्या घटका मोजत होता. शेजारच्या वाडीत एकच उरला होता आणि त्याची कुरकुर ऐकत आम्ही सकाळची प्रार्थना म्हटली आहे. या यंत्राचा मोठा गुण म्हणजे त्याची संथ गती. जनावर थकले की रहाट थांबे, रहाट थांबला की विहिरीला झरे भरण्यास उसंत मिळे. माणसाची हाव जनावराच्या दमाने आवरलेली होती.

विहिरीची सखी म्हणजे बावखल. परक्या वाचकास हा शब्द नवा असेल. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात त्यात पाणी साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि भोवतालच्या विहिरींना मिळे. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर वाडी भिजे. त्याच्या काठावर गुरे पाणी पीत, बायका कपडे धूत, मुले पोहायला शिकत. बावखल खोदणाऱ्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. आमच्या मते तोच वसईचा खरा शिल्पकार आहे.

वसईच्या या वाडीचा साता समुद्रापारच्या एका भूमीशी असलेला संबंध येथे सांगितला पाहिजे. पृथ्वीच्या पलीकडे, अमेरिका खंडांच्या कुशीत कॅरिबियन समुद्र आहे. त्यातील बेटांवरची किनारी शेतीची गावे छायाचित्रात पाहिली, तर वसईचा माणूस क्षणभर फसतो: तोच नारळ, तीच केळी, तेच कौलारू वा पत्र्याचे घर, गावाच्या मध्यभागी तेच चर्च. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. कोलंबसाने १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून ऊस तिकडे नेला. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या डोमिनिकन धर्मगुरूंनी त्याच वाटेने हिस्पानिओला बेटावर केळी नेली, अशी नोंद आढळते. तिकडच्या नारळाची कुळकथा तर आपल्या दाराशी येऊन थांबते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार अटलांटिक किनाऱ्यावरील नारळ हिंदी महासागराच्या वाणाचे आहेत. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते तिकडे पोहोचले.

उलट दिशेनेही शिदोरी आली. मिरची, पपई, पेरू, अननस, काजू, चिकू, रताळे ही सारी अमेरिकेची लेकरे. 'बटाटा' आणि 'पपई' हे आपल्या नित्य वापरातील शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील आदिवासींच्या बोलींतले मानले जातात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या माळावर पिकणारे सीताफळ, ज्याला आपण सीतामाईचे नाव दिले, तेही त्याच प्रदेशातून आलेले आहे. मात्र या देवघेवीची किंमत सारखी नव्हती. ज्यांनी आपल्याला शब्द दिले, त्या बेटवासीयांचा युरोपीय सत्ता व रोगराई यांपुढे काही पिढ्यांतच जवळजवळ निःपात झाला आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम करून नेण्यात आली. उसाच्या गोडव्यामागची ही कडू बाजू ज्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, त्या सोलापुरात बसून लिहिताना विसरता येत नाही.

पुन्हा वसईकडे येऊ. १७३९ साली सत्ता पालटली. शरणागतीच्या करारात ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा देण्यात आली होती. पोर्तुगीज घराणी जहाजांत बसून निघून गेली, मठ ओस पडले, घंटा घाटावर गेल्या. परंतु वाडी जागेवर राहिली. कुळाने पूर्वी पोर्तुगीज धन्याला भरलेला सारा आता पेशव्यांच्या कमाविसदाराला भरला आणि पुढे इंग्रजांच्या मामलेदाराला. विजेत्याला घंटा नेता येते. विहीर उचलून नेता येत नाही. म्हणूनच तीन राजवटी बदलूनही कारेरीने पाहिलेली बाग आमच्या आजोबांना दिसली.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रेल्वे आली आणि वसईची वाडी मुंबईच्या बाजारपेठेला जोडली गेली. पहाटेच्या पहिल्या गाडीने भाजीच्या पाट्या, दुधाची भांडी, फुलांच्या करंड्या मुंबईस जात. आमची आई अंधारात उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडीत असे. उजाडण्यापूर्वी कळी दादरला पोहोचली पाहिजे, हा नियम तिच्या दृष्टीने एखाद्या आज्ञेइतका कडक होता. तेव्हा जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणत. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माच्या सणास भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी आणून त्यांना आशीर्वाद दिला जाई. शेती आणि श्रद्धा यांच्यात भिंत नव्हती.

मग बदल कोठून झाला? प्रथम रहाटाच्या जागी तेलावरचे इंजिन आले, मागोमाग विजेचा पंप. कष्ट वाचले, ही गोष्ट आनंदाचीच होती. परंतु किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याचे गणित नाजूक असते. वाळूच्या थरांत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा तोलून धरला जातो. वरचा तो एक फूट उपसला गेला, की कालांतराने खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. बैलाला हे गणित ठाऊक नव्हते, पण त्याचा दम ते पाळीत होता. पंपाला दम लागत नाही.

त्यानंतर ऐंशीच्या दशकात टँकर आले. मुंबईच्या उपनगरांना आणि नव्या इमारतींना पाणी हवे होते आणि वसईच्या विहिरींत ते होते. ज्या विहिरीवर वर्षभर राबून केळीचे चार पैसे मिळत, तीच विहीर टँकरवाल्यास दिली तर घरबसल्या पैसा मिळू लागला. विहीर उचलून नेता येत नाही, असे आम्ही वर म्हटले. विसाव्या शतकाने ते खोटे ठरविले. विहीरही नेता येते. थोडी थोडी, चाकांवरून, मालकाच्याच संमतीने. शेजाऱ्याची संमती कोणी विचारली नाही. पाणी तर जमिनीखाली सामाईक असते; एकाने विकले की दहांचे खारट होते.

१९९० साली सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे अधिकार आले, शेतजमिनींवर इमारती उभ्या राहू लागल्या. याच संघर्षातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. 'सुवार्ता'चे संपादक, मराठीतील मान्यवर लेखक आणि जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख महाराष्ट्रास आहे. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुवासी झाले. टँकरविरुद्ध आणि जमिनी गिळणाऱ्या शक्तींविरुद्ध उभे राहणाऱ्या या धर्मगुरूमागे हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एकत्र चालले. पश्चिम पट्ट्यात जी हिरवळ शिल्लक राहिली, तिच्या श्रेयात त्या चळवळीचा वाटा मोठा आहे. तरीही ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. एकेकाळी मुंबईस पाणी पुरविणाऱ्या या भूमीस पुढे डहाणू-पालघरकडील सूर्या नदीच्या धरणातून पाणी आणावे लागले. ते धरण मुळात तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीसाठी योजले होते, हे लक्षात घेतले की साखळी कशी चालते ते कळते. आमची विहीर कोणी नेली. आम्ही दुसऱ्या कोणाची नेली.

कॅरिबियन बेटांची कथाही अशीच एका बाजारपेठेवर टांगलेली होती. सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट येथील लहान शेतकरी १९५० च्या दशकापासून इंग्लंडला केळी पाठवीत. आमच्याकडे पहाटेची गाडी, त्यांच्याकडे आठवड्याची बोट. १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेने त्यांना युरोपात मिळणारी सवलत नियमबाह्य ठरविली. मोठ्या मळ्यांच्या स्वस्त केळ्यांपुढे टिकाव न लागल्याने हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडली. आमच्याकडे जळगावच्या केळीपुढे आमची राजेळी मागे पडली खरी, पण आमचा घात भावाने केला नाही. जमिनीला आलेल्या मोलाने केला. तिकडे पीक विकेना म्हणून वाडी ओस पडली. इकडे वाडीच विकू लागली म्हणून पीक संपले.

हे सारे आम्ही अलिप्तपणे लिहू शकलो असतो, तर बरे झाले असते. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर आमचेही नाव आहे. गेल्या उन्हाळ्यात आमचा धाकटा भाऊ एक कागद घेऊन सोलापुरास आला. घरामागचे बावखल भरून घ्यावयाचे आणि वाडीसह ती जागा विकावयाची, यासाठी त्याला आमची सही हवी होती. आम्ही त्याला, सवयीने म्हणा, नाबोथाच्या मळ्याची गोष्ट सांगितली: राजाने चांगले मोल देऊ केले, तरी त्याने वाडवडिलांचे वतन विकले नाही. भावाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, नाबोथाच्या मळ्यातलं पाणी खारट झालं नव्हतं."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही चर्चच्या अन्नावर जगलो. खारट विहीर, मजुरांची टंचाई, मुलांच्या शिक्षणाचा खर्च हे त्याने एकट्याने सोसले. हिरवळीची आठवण आमच्या वाट्याला आली आणि हिरवळ राखण्याचे ओझे त्याच्या. वेदीवरून त्याग सांगणाऱ्याने तो त्याग दुसऱ्याच्या खिशातून करावा, हे न्यायाचे नाही.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सोलापूरकर वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहत आले आहेत, उजनीचे धरण १९८० साली झाले तरीही. त्या रात्री आमच्या गल्लीत पाणी आले होते. बायका घागरी, बादल्या, पातेली भरीत होत्या आणि जागा राहिलेला आमचा भाऊ खिडकीत उभा राहून ते पाहत होता. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून या गावात तळे खोदले. त्या तळ्याच्या काठावर दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही दोघे बराच वेळ बसलो. तो काही बोलला नाही, आम्हीही नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची कथा आहे. त्याच्या पित्याने, अब्राहामाने खोदलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खोदल्या आणि पित्याने त्यांना दिलेली नावेच त्यांना ठेवली. हा उतारा आम्ही अनेकदा वाचला, त्यावर प्रवचनेही केली. बुजविणारे परके होते, म्हणून ती कथा सोपी वाटत होती. आपल्याच घरच्यांना विहीर बुजवावी लागते, तेव्हा इसहाकाने काय करावे, हे तेथे लिहिलेले नाही.

आम्ही भावास पत्र लिहिले. जमिनीचा आमचा हिस्सा त्याने घ्यावा, विकावा, मुलांसाठी वापरावा. आमचा कोणताही दावा राहणार नाही. आमच्या नावावर फक्त बावखल ठेवावे, आणि त्याच्यापर्यंत जाण्यापुरती पायवाट. खरेदीदारास हे मान्य होईल की नाही, त्यामुळे भाव किती उतरेल, हे आम्हाला ठाऊक नाही. हे बावखल एकटे वसई वाचविणार नाही, याचीही जाणीव आहे. पण पावसाचे पाणी त्यात साठेल, मुरेल आणि शेजारच्या कोणाच्या तरी विहिरीचा खारटपणा थोडा खाली ढकलील.

भावाचे उत्तर अद्याप आलेले नाही. पावसाळा तोंडावर आहे.